लेझरने केस काढून घेण्याआधी काय तपासावे, काय विचारावे

खानापूर तालुक्यातल्या माझ्या भाचीने लग्नाच्या काही महिने आधी हातांवरचे केस लेझरने काढून घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या वेळेच्या आधीच्या आठवड्यात ती घरच्यांबरोबर सौंदत्तीला यल्लम्मा देवीच्या दर्शनाला चालत गेली होती आणि कोपरापासून खाली तिचे हात उन्हाने रापले होते. यंत्र चालवणाऱ्या मुलीने उन्हाबद्दल काही विचारले नाही आणि ते सांगायचे असते हे भाचीला माहीत नव्हते, त्यामुळे मागच्या वेळेइतक्याच शक्तीने यंत्र पुन्हा फिरवले गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांवर यंत्राच्या टोकाच्या मापाचे चौकोनी, तपकिरी ठसे एकाखाली एक उमटले. हिरवा चुडा भरला त्या दिवशी ते ठसे बांगड्यांच्या वर स्पष्ट दिसत होते आणि ते पूर्ण फिकट व्हायला पुढे आठ महिने लागले.

तो प्रसंग टाळण्यासाठी फार मोठे ज्ञान लागले असते असे नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात आता लेझरची जाहिरात नाही असा चौक सापडणे कठीण आहे, पण पैसे भरण्याआधी काय पाहायचे हे मराठीत नीट सांगणारे फारसे कोणी नाही. म्हणून जे तेव्हा आम्हाला माहीत असायला हवे होते, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

यंत्राला केस दिसत नाही, काळा रंग दिसतो

ही एक गोष्ट समजली की पुढच्या बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप सुचतात. केसात आणि त्वचेत मेलॅनिन नावाचे एकच काळे रंगद्रव्य असते. लेझरचा प्रकाश हे रंगद्रव्य शोषून घेते, त्याची उष्णता होते, ती केसाच्या कांडीवाटे मुळापर्यंत उतरते आणि नवा केस तयार करणाऱ्या पेशी त्या उष्णतेने निकामी होतात. योग्य तरंगलांबी आणि योग्य कालावधी निवडला तर आजूबाजूची त्वचा न भाजता नेमके लक्ष्यच तापवता येते, हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी 1983 साली मांडले आणि आजची सगळी यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात.

यातून पहिली अडचण निघते ती सावळ्या त्वचेची. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर प्रकाश थेट केसात जातो; आपल्या कातडीतच मेलॅनिन भरपूर असल्यामुळे काही प्रकाश केसापर्यंत पोहोचण्याआधी त्वचा शोषून घेते. त्वचेच्या रंगाची जी सहा प्रकारांची फिट्झपॅट्रिक श्रेणी डॉक्टर वापरतात, तिच्यात आपल्याकडची बहुतेक माणसे तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात येतात, आणि उन्हात राबणारा हात त्याच माणसाच्या पोटापेक्षा एक पायरी गडद असू शकतो. रापलेल्या हातांवर जुनीच शक्ती वापरली की काय होते, ते वर सांगितलेच आहे.

याच कारणाने पांढरे, पिकलेले, सोनेरी आणि अगदी बारीक फिकट लव असलेले केस लेझरला दाद देत नाहीत, कारण तापण्यासाठी त्यांच्यात रंगच नसतो. पन्नाशीनंतर हनुवटीवर येणारे पांढरे राठ केस लेझरने जातील असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. त्यांच्यासाठी सुईने एकेका केसाचे मूळ विजेने नष्ट करण्याची इलेक्ट्रोलिसिस ही जुनी, वेळखाऊ पण खात्रीची पद्धत आहे. त्वचेवरचा दुसरा कोणताही गडद रंग, मग तो तीळ असो, काजळ असो, मेंदी असो किंवा गोंदण असो, यंत्राच्या लेखी केसासारखाच असतो. आपल्या भागात आजी-मावश्यांच्या हनुवटीवर, कपाळावर आणि मनगटावर हिरवे गोंदण असते आणि नव्या पिढीच्या हातावर नावाचा टॅटू असतो. त्यावरून लेझर फिरवला तर शाई तापून तेथे खोल भाजते, म्हणून गोंदणाची जागा आणि तिच्या कडेची थोडी त्वचा सोडूनच काम करावे लागते.

कोणते यंत्र आहे, हे नाव घेऊन विचारा

‘आमच्याकडे इंपोर्टेड मशीन आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. विचारायचे ते तरंगलांबीबद्दल. अलेक्झांड्राइट लेझर 755 नॅनोमीटरचा असतो. मेलॅनिन तो जोरात शोषून घेते, त्यामुळे गोऱ्या त्वचेवर तो उत्तम चालतो, पण आपल्या रंगावर त्याचा धोका जास्त. डायोड लेझर साधारण 800 ते 810 नॅनोमीटरचा. भारतात सर्वांत जास्त हाच दिसतो आणि चांगली थंडावा देणारी सोय व लांब पल्स, म्हणजे प्रकाशाचा जरा लांबवलेला झोत, असेल तर गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो नीट वापरता येतो. एनडी-याग लेझर 1064 नॅनोमीटरचा असतो. मेलॅनिन तो कमी शोषून घेते आणि तो खोलवर जातो, त्यामुळे गडद त्वचेसाठी तो सर्वांत सुरक्षित मानला जातो. याग थोडा अधिक दुखतो आणि बारीक केसांवर थोडा कमी पडतो, हे मात्र आधी समजून घ्यावे.

आयपीएल (इन्टेन्स पल्स्ड लाइट) हा लेझर नाही. तो अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत असतो, त्याची निवडक्षमता कमी असते आणि सावळ्या त्वचेवर भाजण्याची शक्यता जास्त असते. अनेक पार्लरमध्ये ‘लेझर’ म्हणून आयपीएलच वापरले जाते आणि ऑनलाइन मिळणारी घरगुती यंत्रेही बहुतेक याच जातीची असतात. त्या यंत्रांच्या खोक्यावर त्वचेच्या रंगांचा तक्ता छापलेला असतो; आपला रंग त्यातल्या मनाई केलेल्या चौकटीत येतो का, हे विकत घेण्याआधी पाहावे.

पल्सचा कालावधी मिलिसेकंदात आणि शक्ती दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल अशी मोजतात. त्वचेचा वरचा पातळ थर लवकर निवतो आणि जाड केसाचे मूळ उशिरा निवते, म्हणून गडद त्वचेवर तीच शक्ती जरा लांबवून सोडली तर त्वचेला निवायला सवड मिळते आणि मूळ मात्र तापत राहते. हे आकडे ठरवणे आपले काम नाही. ते दर वेळी आपल्या कार्डावर लिहून घेणे मात्र आपले काम आहे, आणि त्याचा उपयोग पुढे येईलच.

आधी केस का वाढले ते शोधा

हा टप्पा लोक सर्वांत जास्त गाळतात आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हातापायांवर, काखेत किंवा ओठांवर थोडी लव असणे हा आजार नाही, ते अनेकदा घराण्यातच असते. पण हनुवटी, जबडा, छाती, बेंबीखालची रेघ किंवा पाठ या पुरुषांसारख्या जागी जाड काळे केस येत असतील आणि सोबत पाळी लांबत असेल, वजन वाढत असेल, तोंडावर मुरुमे येत असतील किंवा मानेवर मखमली काळेपणा आला असेल, तर बहुतेक वेळा मुळाशी पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) बिघाड, असतो. अशा वेळी लेझरने आजचे केस जातात, पण संप्रेरके नवनवी लव जाड करत राहतात आणि सहा महिन्यांनी ‘लेझरचा काही उपयोग झाला नाही’ असे वाटू लागते.

म्हणून अशा मुलींनी लेझरच्या खोलीत जाण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे जावे. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी, अशा साध्या तपासण्यांतून चित्र बरेच स्पष्ट होते. त्यावरच्या गोळ्यांचा केसांवरचा परिणाम दिसायला साधारण सहा महिने लागतात, आणि गोळ्या व लेझर दोन्ही बरोबर चालले तर निकाल अधिक टिकतो. केस अचानक, काही आठवड्यांत दाट झाले, आवाज घोगरा झाला किंवा डोक्यावरचे केस पुरुषांसारखे मागे हटू लागले, तर लेझरचा विचार पूर्ण बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे, कारण क्वचित अंडाशयाच्या किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या गाठीमुळेही असे होते.

आईवडिलांना एक विनंती करावीशी वाटते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या ओठांवरची लव पाहून तिला लेझरला नेण्याची घाई करू नये. त्या वयात संप्रेरके अजून स्थिर झालेली नसतात, काढलेल्या जागी नवे केस येत राहतात, आणि अठरा वर्षांखालील मुलीच्या उपचाराला पालकांची लेखी संमती लागते. तिला त्रास केसांचा होतो आहे की नातेवाइकांच्या शेऱ्यांचा, हे आधी तिच्याशी बोलून पाहावे.

कोणाकडे जायचे

यंत्र महत्त्वाचे असते, पण ते चालवणाऱ्याची नजर त्याहून महत्त्वाची असते. लेझर ही वैद्यकीय प्रक्रिया आहे, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाने आधी तपासलेले असावे, शक्ती त्यांनी ठरवलेली असावी आणि काम प्रशिक्षित सहायकाने केले तरी डॉक्टर त्या वेळी त्या जागेत हजर असावेत. दारावरच्या पाटीवर डॉक्टरांचे नाव आहे पण ते महिन्यातून एकदा येतात, अशी व्यवस्था असेल तर भाजल्यावर त्या दिवशी पाहणार कोण, हा प्रश्न तेथेच विचारावा. नावापुढच्या पदवीत एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा त्वचारोग विषयातला आहे का ते पाहावे. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ हा शब्द काही आठवड्यांच्या कोर्सनंतरही लावला जातो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो. शिवाय आपल्या राज्यात प्रत्येक खासगी दवाखान्याला कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, 2007 नुसार नोंदणी करावी लागते, आणि त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर दिसत नसेल तर ते मागायला संकोच करू नये.

पैसे भरण्याआधी एक तटस्थ मत घ्यावे, असे मी आवर्जून सुचवते. बेळगावात बिम्स म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयात आणि नेहरूनगरच्या केएलई रुग्णालयात त्वचारोग विभाग आहेत. तेथील बाह्यरुग्ण विभागात दाखवून आपल्या त्वचेला आणि केसांना लेझर लागू पडेल का, एवढेच विचारून यावे; नंतर उपचार कोठे घ्यायचा ते ठरवावे. पॅकेज विकणाऱ्यानेच ‘तुम्हाला गरज आहे’ असे सांगणे आणि ज्याला पॅकेज विकायचे नाही त्याने सांगणे, यात फरक पडतो.

पैशांबाबत थोडक्यात एवढेच: पूर्ण रक्कम आधी भरण्याचा आग्रह असेल तर उपचार मध्येच थांबवल्यास किती पैसे परत मिळतील, कर धरून एकूण किती होतील आणि शरीराचा नेमका कोणता भाग मोजला आहे, हे बिलावर लिहून घ्यावे. ‘पूर्ण हात’ म्हणजे खांद्यापर्यंत की कोपरापर्यंत, यावरूनच पुढे निम्मे वाद होतात. आरोग्य विम्यातून हा खर्च सहसा मिळत नाही. गावाकडून येणाऱ्या महिलांना जाण्यायेण्याचा खर्च मात्र कमी करता येतो, कारण जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्याच्या हद्दीतल्या साध्या सरकारी बसमध्ये राज्यातल्या महिलांचा प्रवास मोफत आहे. उपचारासाठी कोल्हापूर गाठायचे की बेळगाव, हे ठरवताना आठ-दहा खेपांचा हा हिशेबही करून पाहावा.

पहिल्या भेटीत काहीही लपवू नका

डॉक्टर विचारतील तेव्हा सांगू, असे म्हणून थांबू नये. वापरातल्या सगळ्या गोळ्या आणि मलमे पिशवीत घालून न्यावीत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल, पूर्वी भाजल्यावर किंवा कान टोचल्यावर जाड वाढलेला व्रण म्हणजे केलॉइड झाला असेल, पांढरे डाग असतील, ओठांवर वारंवार ताप उतरत असेल म्हणजे नागिणीच्या जातीचे फोड येत असतील, तर हे सांगणे अत्यावश्यक आहे. त्या फोडांसाठी आधी गोळी देता येते, पण कोणाला माहीत असेल तरच. गरोदरपणात लेझरने बाळाला अपाय होतो असा पुरावा नाही, तरीही तो उपचार तातडीचा नसल्यामुळे बाळंतपणानंतरपर्यंत पुढे ढकलतात.

एक गोष्ट विशेष करून सांगायची आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले ‘गोरेपणाचे मलम’ आपल्याकडे कित्येक मुली वर्षानुवर्षे लावतात आणि त्यात अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि तोंडावर केसही वाढतात. म्हणजे ज्या केसांसाठी आपण लेझरला निघालो, त्यांचे कारणच ते मलम असू शकते. अशी ट्यूब वापरात असेल तर ती डॉक्टरांपुढे ठेवावी. लाज वाटण्यासारखे त्यात काहीही नाही.

संमतिपत्र हा आपल्या भागातला वेगळाच प्रश्न आहे. ते बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये छापलेले असते आणि मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी दाखवलेल्या जागी सही करून मोकळी होते. त्या कागदावर भाजणे, डाग पडणे, केस परत येणे अशा सगळ्या शक्यता लिहिलेल्या असतात, आणि सही म्हणजे त्या आपण समजून मान्य केल्याची खूण असते. बेळगावातल्या दवाखान्यांत मराठी बोलणारे कोणी ना कोणी असतेच. ‘मला हे मराठीत वाचून दाखवा’ असे शांतपणे म्हणावे, संपूर्ण ऐकावे, मगच सही करावी आणि त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

याच भेटीत पॅच टेस्ट मागावी. ज्या भागावर उपचार करायचा त्याच्याच कडेला छोट्याशा जागी दोन-तीन झोत देऊन पाहतात आणि सावळ्या त्वचेवर परिणाम उशिरा दिसत असल्यामुळे किमान दोन दिवस, शक्य तर आठवडाभर थांबतात. पॅच टेस्ट आणि संपूर्ण भागाचा उपचार एकाच दिवशी उरकणाऱ्या जागेवर मी स्वतः विश्वास ठेवणार नाही.

लग्नाची तारीख आणि केसांचे वेळापत्रक

प्रत्येक वेळेच्या उपचाराला आपल्याकडे सीटिंग म्हणतात. एका सीटिंगमध्ये काम का होत नाही, याचे कारण केसांच्या जीवनक्रमात आहे. केस काही काळ वाढतो, मग थांबतो, मग विश्रांती घेतो आणि गळतो. लेझर फक्त वाढीच्या अवस्थेतल्या केसाचे मूळ नष्ट करू शकतो, कारण तेव्हाच केस मुळाशी घट्ट जोडलेला आणि रंगाने भरलेला असतो. कोणत्याही एका दिवशी थोडेच केस त्या अवस्थेत असतात. म्हणून साधारण सहा ते आठ सीटिंग लागतात, चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने आणि अंगावर सहा ते आठ किंवा त्याहून अधिक आठवड्यांच्या अंतराने. ‘लवकर संपवून देतो’ म्हणून दर पंधरा दिवसांनी बोलावणे म्हणजे झोपलेल्या केसांवर पैसे आणि त्वचा दोन्ही खर्च करणे आहे.

आठ सीटिंग सहा आठवड्यांच्या अंतराने धरल्या तर बेचाळीस आठवडे, म्हणजे जवळजवळ दहा महिने होतात. वैशाखातल्या लग्नासाठी त्याआधीच्या आषाढात सुरुवात करायला हवी, आणि योगायोगाने आपल्या हवामानाला तेच सोयीचे आहे, कारण खानापूर-बेळगावच्या बाजूला पावसाळ्यात ऊन कमी असते. ढगांतूनही अतिनील किरणे येतात, त्यामुळे सनस्क्रीन पावसाळ्यातही सुटत नाही. पण ज्या घरात भाताच्या लावणीला किंवा पुढे ऊस, तंबाखू, भुईमुगाच्या कामाला उतरावेच लागते, तेथे हातापायांचे केस काढण्याची वेळ कामाच्या हंगामाबाहेर ठेवावी. काख किंवा इतर झाकल्या भागांना ही अडचण नाही. शेवटची सीटिंग हळदीच्या किमान तीन-चार आठवडे आधी संपावी, म्हणजे काही डाग पडलाच तर निवळायला अवधी राहतो. लग्नाला दोनच महिने उरले असतील तर लेझर सुरू न करता जे नेहमी करत आलो, तेच करणे शहाणपणाचे.

सीटिंगच्या आधीचे दिवस

सुमारे चार आठवडे आधीपासून त्या जागी वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमट्याने उपटणे किंवा एपिलेटर वापरणे बंद करावे, कारण त्यांत केस मुळासकट निघतो आणि मग प्रकाशाला खाली जायला वाटच उरत नाही. रेझर चालतो. रेझरने केस जाड होतात ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे, पण कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे तो हाताला राठ लागतो एवढेच. मुळावर त्याचा काही परिणाम होत नाही. सीटिंगच्या आदल्या दिवशी स्वच्छ रेझरने ती जागा साफ करावी. केस लांब ठेवून गेले तर ते त्वचेवरच जळतात आणि भाजतात.

चार आठवडे ऊन टाळावे, टाळता येत नसेल तर झाकावे. उसाच्या आणि तंबाखूच्या शेतात आपल्या बायका साडीवर पुरुषांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तो कोणत्याही महागड्या क्रीमपेक्षा चांगला आडोसा आहे. उघड्या भागावर किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन लावून दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. तरीही त्वचा रापलीच तर सीटिंग पुढे ढकलावी. केसांचे चक्र दोन आठवड्यांच्या उशिराने बिघडत नाही. त्या जागी मेंदी, ब्लीच, हळदीचा लेप, लिंबू आणि घासण्याची उटणी आठवडाभर आधीपासून बंद असावीत. मेंदीचा रंग पूर्ण उतरेपर्यंत हातावर लेझर घेऊच नये.

सुन्न करणाऱ्या मलमाबद्दल एक गंभीर सूचना आहे. लिडोकेनचे मलम घरूनच दोन्ही पायांना जाड थापून, वर प्लास्टिक गुंडाळून येण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो मानू नका. औषध त्वचेतून रक्तात जाते आणि मोठ्या भागावर लावल्यास झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. लेझरच्या आधी असे मलम पायांवर गुंडाळल्यामुळे दोन तरुण स्त्रियांचे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मलम लागलेच तर ते छोट्या जागी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात आणि दवाखान्यातच लावावे.

खोलीत गेल्यावर

चेहऱ्यावर उपचार असेल तर कुंकू, टिकली, काजळ, पावडर धुऊन टाकावे. चमकी, झुमके, मंगळसूत्र काढून ठेवावे, कारण धातूवरून प्रकाश परावर्तित होतो. त्याच यंत्राच्या तरंगलांबीचा गॉगल किंवा डोळ्यांवर बसणारी कवचे तुम्हाला आणि यंत्र चालवणाऱ्यालाही असायलाच हवीत. याग लेझरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण पडदा जाळू शकतो. भुवईच्या खालच्या बाजूचे, पापणीकडचे केस लेझरने कधीही काढू नयेत. बंद पापणीतूनही प्रकाश आत जाऊन बुबुळाला इजा होते. तेवढ्या जागेपुरते थ्रेडिंगच बरे.

यंत्र लावण्याआधी ‘गेल्या चार आठवड्यांत ऊन लागले का, नवे औषध सुरू झाले का’ हे विचारले गेले नाही तर आपणच सांगावे. रबराचा पट्टा बारीक चटकावा तसे दुखणे, पाठोपाठ थंडावा आणि जळक्या केसांचा वास, हे सर्व अपेक्षित आहे. दुखणे वाढत जाणे, त्या जागी राखाडी किंवा पांढरट छटा येणे किंवा झोत थांबल्यावरही आग होत राहणे अपेक्षित नाही. असे होताच ‘थांबा’ म्हणावे. सोसण्याची सवय आपल्या मुलींना लहानपणापासून लावलेली असते. येथे मात्र दुखणे हीच सूचना असते आणि ती दाबून ठेवली तर यंत्र चालवणाऱ्याला काही कळायला मार्ग राहत नाही.

नंतरचे दिवस, आणि काही बिघडले तर

केसांच्या मुळांभोवती लाल, किंचित सुजलेले ठिपके येतात आणि काही तासांत, फार तर दोन दिवसांत जातात. उलट ते केसाला उष्णता पोहोचल्याची खूण असते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरावा, साधे मॉइश्चरायझर लावावे. दोन दिवस कढत पाण्याची आंघोळ, वाफ, घट्ट कपडे आणि काखेत डिओडरंट टाळावे. पुढचे एक ते तीन आठवडे मेलेले केस त्वचेतून वर ढकलले जातात आणि ते वाढत आहेत असा भास होतो. ते उपटू नयेत, स्वतःहून गळतात.

फोड आले किंवा यंत्राच्या आकाराचे लाल-तपकिरी ठसे दिसू लागले तर वीसेक मिनिटे नळाच्या गार पाण्याखाली ती जागा धरावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हळद, टूथपेस्ट, कॉफी पावडर, तंबाखू यांतले काहीही लावू नये, फोड फोडू नये. सावळ्या त्वचेवर भाजल्यानंतरचे काळे डाग बहुधा काही महिन्यांत फिकटतात, पण ऊन लागत राहिले तर तेच डाग वर्षभर टिकतात. पांढरे पडलेले डाग मात्र त्याहून हट्टी असतात. डोळ्यात दुखू लागले किंवा अंधुक दिसू लागले तर रात्र जाऊ न देता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. पहिल्याच दिवसापासून तारखेसह फोटो, बिल, संमतिपत्र आणि कार्ड जपून ठेवावे. दवाखाना दाद देत नसेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार घटनेपासून दोन वर्षांच्या आत बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तेथे वकील सक्तीचा नाही.

क्वचित उलटाच परिणाम होतो: जेथे लव होती तेथे किंवा तिच्या कडेला जाड केस उगवतात. आपल्या रंगाच्या आणि पीसीओएस असलेल्या मुलींत जबडा, गाल आणि मान या भागांवर हे अधिक दिसते. त्यामुळे गालावरच्या बारीक लवेवर लेझर मारून घेण्याचा मोह मला सर्वांत धोक्याचा वाटतो. ती लव राहू द्यावी.

पुरुषांपैकी ज्यांना दाढी केल्यावर मानेवर केस आत वळून पुळ्या येतात, किंवा माकडहाडाजवळ केस रुतून वारंवार गळू होते, त्यांना लेझरचा खरा वैद्यकीय उपयोग होतो. त्यांनी संकोचाने तो टाळू नये. खबरदाऱ्या त्यांनाही याच लागू आहेत.

‘कायमचे’ या शब्दाचा अर्थ

अमेरिकेचे औषध प्रशासन लेझर यंत्रांना ‘केसांचे कायमस्वरूपी प्रमाण कमी होणे’ एवढाच दावा करू देते, ‘कायमचे निर्मूलन’ असा नाही. म्हणजे सीटिंग संपल्यावर बरेच केस येत नाहीत, जे येतात ते बारीक, फिकट आणि विरळ असतात, आणि वर्षातून एखाद-दुसरी सीटिंग पुन्हा घ्यावी लागू शकते. बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ किंवा वजनातला मोठा बदल यांनंतर केस पुन्हा वाढू शकतात. ‘शंभर टक्के, आयुष्यभराची हमी’ अशी पाटी दिसली तर हाच मुद्दा लेखी मागावा.

आपल्याकडच्या मुली लग्नानंतर कोल्हापूर, गोवा, पुणे किंवा हुबळीकडे जातात आणि उपचार बहुधा अर्धवट राहतो. त्यासाठीच ते कार्ड. त्यावर प्रत्येक सीटिंगची तारीख, यंत्राचा प्रकार, तरंगलांबी, ज्यूल, मिलिसेकंद, झोताचा आकार आणि नंतर त्वचेवर काय दिसले, एवढे लिहिलेले असले की नव्या गावचा डॉक्टर अंदाजाने सुरुवात करत नाही. भाचीने डाग गेल्यावर दीड वर्षाने काखेपुरता लेझर पुन्हा घेतला, आधी पॅच टेस्ट करून आणि शक्ती बरीच खाली ठेवून, आणि ते कार्ड आता तिच्या सासरच्या कपाटात आधारकार्डाच्याच पाकिटात ठेवलेले असते.